इंग्रजीच्या तासाला ईस्टर : प्रस्तावना

जपानमधलं शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. मार्चअखेर जुनं वर्ष संपतं, मधे वसंताची छोटी सुटी, आणि मग नवे वर्ग, नवे वर्गशिक्षक, प्रवेशसमारंभ, आरोग्यतपासणी यांची एकच धांदल. ईस्टरचा रविवार दरवर्षी २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात मागेपुढे होत असतो. म्हणजे हा सण एक तर सुटीत सापडतो, नाहीतर मुलांना एकमेकांची नावंही नीट पाठ नसतात अशा दिवसांत. त्यात साकुराचा बहर असला की झाडाखाली सतरंजी टाकायला जागा कुठे मिळेल याचीच सगळ्यांना काळजी. असं असूनही तिथल्या इंग्रजी शिक्षकांच्या कपाटात रंगीत प्लॅस्टिकची अंडी, पुठ्ठ्याचे सशाचे कान आणि ईस्टरचे बिंगोचे तक्ते हमखास सापडतात.

विषय लहान दिसतो : एक परदेशी भाषा, तिच्याबरोबर आलेला एक परदेशी सण आणि दोन्ही शिकवायचं साहित्य. पण जपानने इंग्रजीकडे कसं पाहिलं, याचा बराचसा इतिहास या कपाटात आहे. भाषा शिकायची ती दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते डोकावून पाहण्यासाठी, की आपल्या घरातलं दुसऱ्याला सांगण्यासाठी, हा तिथला जुना वाद. ईस्टरच्या धड्यात तो लपत नाही, कारण जपानला स्वतःचा ईस्टर आहे. देशात इंग्रजीचं पद्धतशीर शिक्षण सुरू झालं त्याच्या अडीचशे वर्षं आधीपासून तो तिथे आहे, आणि इंग्रजीच्या तासाला त्याचं नाव सहसा निघत नाही.

त्या ईस्टरची वाट आपल्या किनाऱ्यावरून गेली. कागोशिमाचा अंजिरो १५४८ साली गोव्यात बाप्तिस्मा घेऊन पावलो द सांता फे झाला आणि तिथल्या सेंट पॉल कॉलेजात शिकला. १५ ऑगस्ट १५४९ रोजी फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरले, तेव्हा दुभाष्या म्हणून तोच सोबत होता. पुढच्या पिढीत वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानला गेले, जपानी उत्तम शिकले, काही काळ व्यापारात रमले आणि शेवटी फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात गेलेल्या फ्रान्सिस्कनांचा दुभाषा तेच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आलं, त्यांत हा वसईकर होता. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

१६१४ साली टोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. नागासाकीच्या आसपासची खेडी आणि बेटं मात्र गुपचूप सण पाळत राहिली. सोतोमे, गोतो बेटं आणि उराकामी इथल्या लोकांकडे बास्चान नावाच्या जपानी प्रचारकाच्या परंपरेतून आलेली दिनदर्शिका होती. तिच्यावरून उपवासकाळ कधी लागतो आणि पुनरुत्थानाचा सण कधी येतो हे काढलं जाई, आणि ही तिथी वस्तीतला ठरावीक माणूसच सगळ्यांना सांगे. इकित्सुकी बेटावर उपवासकाळाला ‘कानाशिमी’ म्हणजे दुःख, आणि ईस्टरला ‘आगारी’ म्हणजे वर येणं, अशी नावं होती. तिथे ससा नव्हता, रंगवलेली अंडी नव्हती. प्रार्थना होत्या, त्यांतले लॅटिन-पोर्तुगीज शब्द तोंडातोंडी झिजून गेलेले.

१७ मार्च १८६५ चा प्रसंग या पुस्तकाच्या दृष्टीने कळीचा आहे. नागासाकीत परदेशी रहिवाशांसाठी ओउरा चर्च नुकतंच उभं राहिलं होतं. उराकामीचे दहापंधरा गावकरी तिथे आले आणि फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना त्यांनी हळूच सांगितलं की आमची श्रद्धा तुमच्यासारखीच आहे. मेरीची मूर्ती कुठे आहे हे विचारलं. दुःखाचा काळ तुम्हीही पाळता का, हेही विचारलं. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता, राखेचा बुधवार १ मार्चला. म्हणजे तो दिवस उपवासकाळाचा बरोबर सतरावा. सुमारे अडीचशे वर्षांच्या बंदीनंतर गावकऱ्यांचा आणि रोमचा हिशेब जुळत होता. बंदीचे फलक उतरले ते १८७३ मध्ये. २०१८ साली नागासाकी परिसरातल्या या गुप्त ख्रिस्ती स्थळांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं.

उत्तरेकडून आलेली ईस्टरची दुसरी परंपरा रशियन आहे. १८६१ मध्ये हाकोदातेला आलेल्या निकोलाय यांनी ऑर्थोडॉक्स पंथ रुजवला. टोकियोतल्या कांदा भागातलं त्यांचं कॅथेड्रल १८९१ साली पूर्ण झालं. लोक त्याला निकोलाय-दो म्हणतात, पण त्याचं खरं नाव पुनरुत्थानाचं कॅथेड्रल असं आहे. तिथे मध्यरात्रीच्या उपासनेत ‘हारिसुतोसु फुक्कात्सु!’ अशी आरोळी उठते आणि ‘जित्सु नि फुक्कात्सु!’ असं उत्तर मिळतं. ख्रिस्त उठला आहे, खरोखर उठला आहे. ही आरोळी अस्सल जपानी आहे, इंग्रजीचा तिच्याशी काही संबंध नाही.

आता इंग्रजीची गोष्ट. १८०८ मध्ये ‘फेटन’ हे ब्रिटिश लढाऊ जहाज डच निशाण लावून नागासाकी बंदरात शिरलं आणि सरकारची भंबेरी उडाली. तोवर युरोपशी सगळा व्यवहार डच भाषेतून चाले. या धक्क्यानंतर डच दुभाष्यांना इंग्रजी शिकायचा हुकूम झाला, आणि १८१४ पर्यंत इंग्रजी-जपानी कोशही तयार झाला. १८४८ साली रॅनल्ड मॅकडॉनल्ड हा चिनूक आई आणि स्कॉटिश बाप असलेला तरुण मुद्दाम होडीतून रिशिरी बेटाला लागला. त्याला पकडून नागासाकीला नेलं. कैदेत असतानाच त्याने १४ दुभाष्यांना इंग्रजी शिकवलं. इंग्रजी ही मातृभाषा असलेला जपानमधला पहिला शिक्षक म्हणून त्याचं नाव घेतात. त्याचा विद्यार्थी मोरियामा एइनोसुके पुढे अमेरिकेच्या कमोडोर पेरीबरोबरच्या वाटाघाटींत दुभाषा होता. जपानमधलं इंग्रजी असं भीतीपोटी सुरू झालं, आणि ती भीती कधी परीक्षेच्या, कधी नोकरीच्या रूपात टिकून राहिली.

मेइजी काळात आणि त्याच्या थोडं आधीपासूनच इंग्रजी आणि बायबल पुष्कळदा एकाच हातांतून आलं. हेपबर्न हे डॉक्टर मिशनरी १८५९ मध्ये आले आणि त्यांनी १८६७ साली जपानी-इंग्रजी कोश छापला. जपानी शब्द रोमन लिपीत लिहायची त्यांच्या नावाची पद्धत आजही रेल्वे स्थानकांच्या पाट्यांवर दिसते. कुमामोतोच्या शाळेत कॅप्टन जेन्स सगळे विषय इंग्रजीतून शिकवत. १८७६ च्या जानेवारीत त्यांच्या विद्यार्थ्यांनी हानाओका टेकडीवर जाऊन ख्रिस्ती धर्माची शपथ घेतली आणि त्याच वर्षी शाळा बंद झाली. इंग्रजीबरोबर धर्म येतो, ही धास्ती तेव्हापासूनची.

त्याच काळात शिकवण्याच्या दोन वाटा फुटल्या. ‘सेइसोकु’ म्हणजे रीतसर : उच्चार, संभाषण, परदेशी शिक्षक. ‘हेनसोकु’ म्हणजे आडवळणाची : उच्चार कसाही असो, शब्दाला शब्द लावून, क्रम उलटसुलट करून अर्थ काढायचा. स्वस्त आणि परीक्षेला सोयीची म्हणून दुसरी जिंकली. ‘याकुदोकु’ या नावाने ती शंभरावर वर्षं वर्गावर्गांत ठाण मांडून बसली. संस्कृतची रूपं घोकून मार्क मिळवलेल्या मराठी वाचकाला ती ओळखायला वेळ लागणार नाही.

तिला पहिलं मोठं आव्हान दिलं हॅरल्ड पामर यांनी. १९२२ साली ते जपानला आले, पुढच्या वर्षी त्यांनी इंग्रजी अध्यापनाची संशोधनसंस्था काढली आणि १९३६ पर्यंत मौखिक पद्धतीचा प्रचार केला : आधी कान, मग तोंड, पुस्तक सगळ्यात शेवटी. पाठोपाठ युद्ध आलं. इंग्रजी शत्रूची भाषा ठरली. बेसबॉलमधल्या ‘स्ट्राइक’लाही जपानी नाव द्यावं लागलं. आणि १९४५ च्या ऑगस्टमध्ये शरणागती पत्करलेल्या याच देशात त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये ३२ पानांची जपानी-अमेरिकन संभाषणपुस्तिका निघाली. तिच्या सुमारे ३६ लाख प्रती खपल्या. १९४६ च्या फेब्रुवारीत हिराकावा तादाइचि यांचा इंग्रजी संभाषणाचा कार्यक्रम रेडिओवर सुरू झाला. एका जपानी बालगीताच्या चालीवर त्याचं इंग्रजी शीर्षकगीत घरोघर गुणगुणलं जाई.

ईस्टरसारखे सण वर्गात शिरायला खरी जागा झाली ती याच काळात. १९४९ पासून शाळांत आलेलं ‘जॅक अँड बेटी’ हे पाठ्यपुस्तक अमेरिकन मुलांचं घर, त्यांची शाळा, त्यांचे दिवस दाखवत होतं. भुकेल्या, पडझड झालेल्या देशातल्या मुलांना भाषेइतकंच त्या घराचंही अप्रूप होतं. इंग्रजी म्हणजे अमेरिका आणि अमेरिका म्हणजे सुबत्ता, हे समीकरण तिथे पक्कं झालं. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी जपानी मुलं आणि आशिया-आफ्रिकेतले त्यांचे मित्र धड्यांत आणले. सणांचं जोडसाहित्य मात्र बराच काळ जॅक-बेटीच्या अंगणातच खेळत राहिलं.

१९७०च्या दशकात दोन टोकांची मतं जाहीरपणे भिडली. खासदार हिराइझुमि वातारु यांनी १९७४ मध्ये सुचवलं की सगळ्यांच्या माथी इंग्रजी मारू नये, देशातल्या साधारण पाच टक्के लोकांनी ती खरोखर वापरता येईल इतकी शिकावी. इंग्रजीचे प्राध्यापक वातानाबे शोइचि यांनी उलट बाजू मांडली : वाचन आणि अनुवाद ही बुद्धीची तालीम आहे, तिचं मोल बोलता येण्यावर ठरत नाही. वाद गाजला, निकाल लागला नाही. १९८७ साली सरकारने परदेशी तरुणांना शाळांत आणणारी जेट योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुण आले. आज ही संख्या ५ हजारांहून अधिक आहे आणि देश कितीतरी वाढले आहेत. जपानी शिक्षकाच्या जोडीला उभं राहणाऱ्या या साहाय्यक शिक्षकाला तिथे ‘ए-एल-टी’ म्हणतात. विशीतल्या या मुलामुलींना वर्गात पाठवताना बहुतेक शाळांची मागणी साधी असते : तुमच्या देशातलं काहीतरी सांगा. मग सण येतात, आणि सणांबरोबर चित्रपत्ती, गाणी, खेळ.

एक नमुना जवळून पाहू. प्राथमिक शाळेचा पाचवीचा वर्ग. बाकं मागे सरकवलेली, बारा प्लॅस्टिकची अंडी आधीच लपवलेली. ‘व्हेअर इज द एग?’ असं विचारलं की अंडं दिसलेल्या मुलाने त्याला हात न लावता जागा सांगायची : ‘इट्स अंडर द चेअर.’ खेळ वाटतो, पण त्यात एक अवघड गाठ सोडवलेली असते. जपानीत, मराठीसारखंच, आधी खुर्ची येते आणि ‘खाली’ नंतर. इंग्रजीत ‘अंडर’ आधी. पाटीवर दहा वाक्यं लिहून न सुधारणारा हा क्रम अंडं दिसल्याच्या घाईत तोंडात बसतो. अंडं उघडलं की आत चिठ्ठी. काही शिक्षक एका अंड्याच्या वरच्या अर्ध्यावर ‘लाइट’ आणि दुसऱ्याच्या वरच्या अर्ध्यावर ‘राइट’ लिहितात, आणि शब्द ऐकून योग्य अर्धी जुळवायला लावतात. ल आणि र यांचा गोंधळ होणाऱ्या जपानी कानाला हा चांगलाच व्यायाम. खाऊ सहसा नसतो. वर्गात अंड्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल असू शकतं आणि शाळा त्याबाबत काटेकोर असतात.

या तासात येशूचं नाव निघत नाही. त्याला कारण आहे. जपानी राज्यघटनेचं २०वं कलम सरकारी यंत्रणांना धार्मिक शिक्षण देण्यास मनाई करतं. शिक्षणाच्या मूलभूत कायद्यातलं १५वं कलम धर्मांविषयीच्या सामान्य माहितीचा आदर करायला सांगतं, पण सरकारी शाळेत विशिष्ट धर्माची शिकवण चालू देत नाही. माहिती कुठे संपते आणि शिकवण कुठे सुरू होते, ही रेघ कोणी आखून दिलेली नाही. बहुतेक शिक्षक मग सुरक्षित अंतरावर थांबतात : ससा चालतो, रिकामी कबर चालत नाही. मिशन शाळांत हा पेच नसतो.

बाजारानेही हाच सोयीचा ईस्टर उचलला. टोकियो डिस्नेलँडने २०१० मध्ये ईस्टरचा वसंतोत्सव केला, आणि पुढच्या दशकात दुकानांच्या काचांमागे मार्च-एप्रिलमध्ये अंडी दिसू लागली. तरी नाताळची सर त्याला आली नाही. केंटकीच्या तळलेल्या कोंबडीने १९७४ पासूनच्या जाहिरातींच्या जोरावर नाताळच्या रात्री जपानी ताटात जागा पटकावली. ईस्टरला १४ मार्चच्या ‘व्हाइट डे’ची चॉकलेटं आणि साकुरा यांच्या बेचक्यात उभं राहावं लागतं.

‘जगभरचा ईस्टर’ ही वर्गातल्या साहित्याची आणखी एक तऱ्हा. चांगल्या हाती पडली तर ती डोळे उघडते. पोलंडमध्ये ईस्टरनंतरच्या सोमवारी एकमेकांना पाण्याने भिजवतात. स्वीडनमध्ये मुलं चेटकिणींचा वेश करून दारोदार जातात. फ्रान्समध्ये चॉकलेट ससा नाही, रोमहून परतणाऱ्या घंटा आणतात. बर्म्युडात गुड फ्रायडेला पतंग उडतात. ग्रीसमध्ये अंडी लाल रंगवतात आणि एकमेकांवर आपटून फोडतात. ऑस्ट्रेलियात ईस्टर शरद ऋतूत येतो, आणि सशांनी तिथल्या निसर्गाची वाट लावल्यामुळे चॉकलेटच्या बिल्बीला पसंती देणारे लोक आहेत. एवढं कळलं तरी ‘ईस्टर म्हणजे वसंत आणि ससा’ हे वाक्य डळमळतं. वाईट हाती पडली तर हीच तऱ्हा झेंड्यांची यादी होते : देश, झेंडा, पदार्थ, पुढचा देश.

मग हा सगळा खटाटोप आत्ताच का? २०११ मध्ये पाचवी-सहावीला परदेशी भाषेचे उपक्रम सक्तीचे झाले, आणि २०२० पासून त्या वर्गांत इंग्रजी गुण मिळणारा विषय आहे. उपक्रम तिसरी-चौथीत उतरले. इंग्रजीचं खास प्रशिक्षण नसलेल्या हजारो वर्गशिक्षकांना तयार साहित्याची गरज पडली. प्रत्येक मुलाच्या हाती शाळेचा टॅब आला, भाषांतराची यंत्रं फुकट झाली, आणि वाक्य जुळवून देणं एवढाच इंग्रजीच्या तासाचा हेतू उरला नाही.

वर्गही बदलला. जपानमधल्या परदेशी रहिवाशांची संख्या ३० लाखांच्या पुढे गेली आहे. हामामात्सु किंवा गुन्मातल्या ओइझुमिच्या शाळेत ब्राझिलियन वंशाचं मूल असतं, त्याच्या घरी ईस्टर पोर्तुगीजमध्ये होतो. शेजारच्या बाकावरच्या फिलिपिनो मुलीच्या आजोळी ईस्टरच्या पहाटे येशू आणि मेरी यांच्या मूर्तींच्या मिरवणुका समोरासमोर येतात. या मुलांसमोर ईस्टर हा ‘इंग्रजी बोलणाऱ्यांचा सण’ म्हणून शिकवला जातो, तेव्हा ज्याला खरोखर काही सांगता आलं असतं तेच मूल गप्प बसतं. एदोगावातल्या निशि-कासाइ भागात मराठी कुटुंबं राहतात, आणि टोकियोत २००४ व २००६ मध्ये निघालेल्या भारतीय शाळांत काही जपानी पालकही इंग्रजी आणि गणितासाठी मुलं घालतात. इंग्रजी कोणाकडून शिकायची, याचं उत्तर जेटच्या पहिल्या वर्षीच्या चार देशांपुरतं राहिलेलं नाही.

या पुस्तकाचा खटाटोप इथून सुरू होतो. त्याला ईस्टरचा प्रचार करायचा नाही आणि सशाला वर्गाबाहेर हाकलायचंही नाही. अंडी शोधण्याचा खेळ भाषेसाठी उत्तम आहे, तो राहावा. पण त्याच्या शेजारी ओउरा चर्चची कहाणी सोप्या इंग्रजीत ठेवता येते, निकोलाय-दोच्या मध्यरात्रीचं वर्णन सहावीच्या मुलाला झेपेल अशा दहा वाक्यांत बसवता येतं, आणि नागासाकीचं मूल ऑस्ट्रेलियातल्या मुलाला आपल्या बेटावरच्या आगारीविषयी चार ओळी लिहू शकतं, हे पुस्तक करून दाखवू पाहतं. प्रत्येक ठिकाणी कसोटी एकच : मुलाकडे सांगण्यासारखं स्वतःचं काही उरतं का?

वाचक तीन प्रकारचे गृहीत धरले आहेत : जपानमध्ये शिकवणारे किंवा शिकवायला जाणारे मराठी तरुण, तिथल्या शाळेत मुलं असलेले पालक, आणि महाराष्ट्रातले इंग्रजीचे शिक्षक. तिसऱ्यांना हे परकं वाटू नये. वसईत आणि अहिल्यानगरात ईस्टर मराठीतून साजरा होतो, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांतल्या तक्त्यांवर मात्र तोच चॉकलेटचा ससा बसलेला असतो. घाईतल्या शिक्षकाने थेट कृतिपत्रिकांकडे वळायला हरकत नाही. पण नागासाकीवरचा भाग न वाचता त्यांतल्या शेवटच्या कृतिपत्रिका वर्गात नेऊ नयेत, त्या त्याच्याशिवाय लंगड्या पडतील.

एका प्रश्नावर पुस्तकातच दोन मतं आहेत आणि ती तशीच ठेवली आहेत. सरकारी शाळेत नागासाकीचा ईस्टर इंग्रजीच्या तासाला घ्यावा, की तो समाजशास्त्राच्या शिक्षकाकडे सोपवून इंग्रजीने फक्त त्यावर बोलायची भाषा पुरवावी? पहिल्या बाजूचं म्हणणं असं की इंग्रजीचा तास हलकाफुलका ठेवण्याच्या हट्टापायीच तो पोकळ झाला. दुसऱ्या बाजूला वाटतं की पंचेचाळीस मिनिटांत, अर्ध्यामुर्ध्या इंग्रजीत, छळ आणि श्रद्धा यांविषयी बोलणं म्हणजे त्यांचीही चित्रपत्ती करणं. दोन्ही बाजूंच्या पाठयोजना सोबत दिल्या आहेत. आपल्या शाळेत कोणती चालेल, हे शिक्षकाने मुख्याध्यापकांशी बोलून ठरवायचं आहे.